अंगावरचं सगळं काढून ठेवा

परभणीत एका डॉक्टरसाहेबांकडं मी बारा वर्षं ईसीजी काढले. कागद फायलीत गेले, किस्से माझ्याकडं राहिले! चार माणसं बसली की एखादा निघतोच.

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसट्या उभ्या होत्या. छातीत दुखतंय म्हणून पिंगळीचे एक शेतकरी रुळाच्या कडेनं चालत आले. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "आपल्याकडं पळवून बघायची मशीन नाही म्हणून हळहळत होतो. तुमी तर वाटेतच परीक्षा देऊन आलात!" तरी संध्याकाळपर्यंत त्यांना सोडलं नाही.

*

सोनपेठच्या गुरुजींनी आपला ईसीजी फ्रेम करून भिंतीला लावला. त्या कागदावरच्या रेघा उन्हानं उडतात. वर्षानं फ्रेम घेऊन हजर! "अहो, रेघच राहिली न्हाई. बायको रडायलीय!" नवा काढून दिला, तो त्यांनी गादीखाली ठेवला.

*

पालमचे नरहरराव बायकोला, गयाबाईंना, घेऊन आले. प्रश्न तिला, उत्तर यांचं. "धाप लागते का?" "लय लागते!" डॉक्टरसाहेब वैतागले, "मग तुमीच झोपा टेबलावर!" गयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना मंगळसूत्र पाठीवर सारायला सांगितलं. आमच्याकडं तेवढ्यावर भागायचं.

पुढच्या तपासणीत काळजापाशी गाठ दिसली. काळजाच्या बाहेर असली तर काढता येणार होती, आत असली तर अवघड. ते बघायला हैदराबादला एमआरआय करायचा ठरला. सोबत मला धाडलं.

*

तिथं मशीनमध्ये भलंमोठं लोहचुंबक. अंगावर धातू चालत नाही. जोडवी निघाली, पाटल्या निघाल्या. मंगळसूत्रावर हात ठेवून गयाबाई उभ्याच.

"हे न्हाई निघायचं. यांना काय झालं म्हंजे?"

मी समजावलं, तिथल्या सिस्टरनं समजावलं. "मरीन, पण काढणार न्हाई!" नंबर जायची वेळ आली. आता नरहरराव भडकणार, असं मला वाटलं. ते उठले. टोपी काढून माझ्या हातात दिली.

"आण इकडं. तू येस्तोवर मी घालतो. माझ्याच गळ्यात आसल्यावर मला काय व्हतंय?"

घातलं की हो, सदऱ्यावरून! लोक बघायले होते. तासभर ते मणी मुठीत धरून बसले. 

तिथले डॉक्टर बाहेर आले. "गाँठ दिल के बाहर है, निकल जाएगी." तेवढ्यात गयाबाई आल्या. मी सांगायला धावलो. मला बाजूला सारून त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला.

"तुमाला काय झालं न्हाई ना?"

नरहररावांनी मंगळसूत्र उतरवून तिच्या गळ्यात घातलं.