ओठ बघणारा विणकर

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. गिरण्यांच्या संपात मी परळला इंग्रजीचे वर्ग घ्यायचो. हॉटेलात दरवानाची नोकरी मिळावी म्हणून एक विणकर यायचा. पहिल्या बाकावरून माझ्या तोंडाकडे टक लावायचा, स्वतःचे ओठ तसेच वळवायचा. 'गुड ईव्हनिंग, सर' तर माझ्याहून झकास म्हणायचा.

"वहीत बघा की," मी म्हणालो.

"मला इंग्लिश बघूनच कळतं, मास्तर."

वर्ग हसला. मला तो आगाऊ वाटला. त्याला शेवटच्या बाकावर धाडलं. आठवड्यात तो यायचा थांबला.

नंतर त्याचा सोबती म्हणाला, "गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात त्याचे कान गेलेत, मास्तर. तो ओठ वाचतो."

पुढे एकदा दादरला समोरच्या फुटपाथवर तो दिसला. नुसते ओठ हलवून 'सॉरी' म्हटलं असतं, तरी त्याला कळलं असतं. मी दुकानांच्या पाट्या वाचत पुढे गेलो.