सहापैकी तीन

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला धजतोय. मला ओळखणाऱ्यांपैकी कुणालाही — सख्ख्या भावाला नाही, मुलीला तर नाहीच — मी यातलं अक्षरही कळू दिलेलं नाही. सात वर्षं झाली. मला आता छप्पन्नावं लागलंय. आणखी किती दिवस गिळत राहायचं?

सुरुवात कुठून करू? नियमापासून करतो. नियम मला कळतात. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात माझं कामच ते — कुठला व्हॉल्व्ह कुणी, कधी, कुणाच्या सहीने उघडायचा याची पद्धत लिहून काढायची. इथल्या मराठी मंडळींतही कुणाला सरकारी पत्र आलं की ते घेऊन माझ्याकडेच यायचे. "देवधरांना दाखवा, ते बारीक अक्षरातलंसुद्धा वाचतात." मला ते ऐकायला आवडायचं. अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू?

माझी बायको वैशाली. तांजोंग पगारमधल्या एका शिपिंग ऑफिसात मालाची कागदपत्रं बघायची. शुक्रवारी साडी नेसून जायची. तिथल्या चिनी मैत्रिणी गुरुवारीच विचारायच्या म्हणे, उद्या कुठला रंग? पंचेचाळीसाव्या वर्षी, एका मंगळवारी, टेबलावर सही करता करता तिच्या हातातून पेन पडलं. तो अर्धांगाचा झटका होता. उजवा हात पूर्ण गेला, उजवा पाय अर्धा. जीभ मात्र महिन्याभरात परत आली — पूर्वीइतकीच धारदार.

इथे चाळिशी ओलांडली की नोकरदाराच्या सक्तीच्या बचतीतून दर वर्षी थोडे पैसे एका सरकारी विम्यासाठी कापले जातात. गंभीर अपंगत्व आलं तर काही वर्षं दरमहा ठरावीक रक्कम मिळते. गंभीर म्हणजे काय, तेही लिहून ठेवलेलं आहे. सहा कामं — अंघोळ करणं, कपडे घालणं, जेवणं, शौचाला जाणं, घरात चालणं, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणं. यातली तीन दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नसतील, तर तुम्ही पात्र.

ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. माणूस एवढ्यावर उभा असतो? तिचं गाणं, तिचा हिशेबीपणा, शेजाऱ्यांच्या नकला, पुरणपोळी लाटताना कुणाला जवळ येऊ न देणं — यातलं काहीच त्या यादीत नाही, आणि तरी ती सहा कामं निघून गेली तर बाकीचं सगळं कशाच्या आधारावर राहील? ज्याने कुणी ती यादी केली त्याच्यापुढे हात जोडावेत असं वाटलं. मी ती वैशालीला मराठीत वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे तीन विषयांत नापास झालं की पास? मजा आहे."

तिचे नेमके तीनच विषय राहिले होते. अंघोळ, चालणं आणि कपडे. मी अर्ज भरला. डॉक्टरांच्या तपासणीची तारीख आली.

तुम्ही विचाराल, पैशांची गरज होती का? नव्हती. आमच्याकडे यांती नावाची इंडोनेशियन बाई मदतीला होती, तिचा पगार माझ्या पगारातून सहज निघत होता. मग? मग काय — मी भरलेला अर्ज आजवर कधी परत आला नव्हता. एवढंच. याहून मोठं कारण सापडतं का म्हणून मी पुष्कळ शोधलंय.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी कंपनीच्या बसने घरी आलो. ईशा, आमची मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, शाळेच्या कॅम्पला गेली होती. यांती खाली भाजी आणायला गेलेली. खोलीचं दार लोटलेलं. आतून वैशालीचा आवाज आला, "थांबा हं. आत यायचं नाही." मी बूट काढून हॉलमध्ये बसलो. पंधरा मिनिटं गेली असतील. मग चार पायांच्या काठीची टकटक ऐकू आली — दारापर्यंतची ती चार पावलं तेवढी ती काठीवर टाकायची, एरवी व्हीलचेअर — आणि दार उघडलं.

ती साडी नेसली होती. करड्या रंगाची, लाल काठाची इरकल.

मी काय पाहत होतो ते मला लगेच कळलंच नाही. मग ती सांगायला लागली, धापा टाकत, एका दमात. तीन आठवडे मी बसमध्ये बसलो की हा उद्योग चालायचा. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक लावून घेतलं होतं. साडी पलंगावर पसरून डाव्या हाताने एकेक निरी घालायची, आणि ती निसटू नये म्हणून तिच्यावर आपला उजवा हात उचलून ठेवायचा. नुसतं वजन म्हणून. "तो आता पेपरवेट झालाय," ती म्हणाली, "म्हटलं, घरात आहे तर त्यालाही काम द्यावं." मग सगळ्या निऱ्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, आणि मग खोचायच्या. ब्लाउजची वरची दोन हुकं राहिली होती, ती पदराखाली झाकलेली. सव्वा तास लागला होता. पहिल्या दिवशी म्हणे तीन तास बसून दोनच निऱ्या झाल्या होत्या, आणि ती रडली होती, आणि मग यांतीला बाहेर पाठवून पुन्हा बसली होती.

मी कारखान्यात उंच मनोरे उभे राहताना पाहिलेत. समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर रोज काम करतो. पण त्या दारात उभ्या असलेल्या बाईसारखं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. खरंच सांगतो, मान खाली घालावी, पाया पडावं असं वाटलं.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "उद्या डॉक्टरांपुढे हे दाखवू नकोस."

आधी हेच बोललो. नंतरही दुसरं काही बोललो नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. मग सोडायला मदत करा." तिने एकटीने नेसलेली साडी मी दोन मिनिटांत सोडली. घडीही मीच घातली.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये ती गाऊनमध्ये बसली होती. डॉक्टर तरुण होती, फार मायाळू. "आंटी, कपडे स्वतः घालता येतात?" वैशाली म्हणाली, "नो, डॉक्टर." डॉक्टरने खुर्चीवरचा स्वतःचा स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला — ट्राय करून बघा, घाई नाही.

आता हे नीट ऐका. अर्धांग झालेल्याला थेरपिस्ट पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतात — बाही आधी लुळ्या हातात, मग चांगल्या हातात. उलट केलं की स्वेटर पाठीमागे अडकतो आणि माणूस त्यात गुरफटतो. वैशालीने स्वेटर उचलला. आणि चांगला हात आधी घातला. शांतपणे, विचार करून. स्वेटर अडकला. ती धडपडली, एकदा, दोनदा, केस विस्कटले. डॉक्टरने धावत येऊन सोडवलं, तिच्या खांद्यावर थोपटलं. "नेव्हर माइंड, आंटी."

ज्याला बरोबर कसं करायचं ते पक्कं ठाऊक आहे, त्यालाच इतकं अचूक चुकता येतं. मी शेजारच्या खुर्चीत बसून ते पाहिलं. तिने जन्मात कुणाशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. माझ्यासाठी ती अंगभर खोटं बोलली.

अर्ज मंजूर झाला.

एवढंच असतं तर मी गप्पही राहिलो असतो. लोक याहून मोठ्या लबाड्या करतात आणि जेवतात. पण मंजुरीच्या पत्रात एक ओळ होती — गरज वाटल्यास पुन्हा तपासणी होऊ शकेल. बारीक अक्षरात. मी ती वाचली, आणि यांतीला सांगितलं, मॅडमना रोज सकाळी तूच कपडे घालायचे. थेरपिस्टने कपड्यांचा विषय काढला की मी म्हणायचो, तिला त्यात रस नाही. साड्या मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. वैशालीने एकदाही वाद घातला नाही. वर्षभरात तिचा खांदा आखडला. पुढे ती टीव्हीसमोर नुसती बसून राहायला लागली.

त्याच काळात, एका रविवारी जेवताना, ईशा तिच्यावर चिडली. यांती वैशालीला शर्टाची बटणं लावून देत होती, ते पाहून. "आई, यू नेव्हर इव्हन ट्राय, लाह. माझ्या फ्रेंडची आजी एटी आहे, ती सगळं स्वतः करते." वैशालीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ताटातला भात डाव्या हाताने सारखा करत म्हणाली, "कंटाळा येतो गं मला. आळशी आहे तुझी आई."

मी तिथेच होतो. समोर. हातभर अंतरावर. एक वाक्य पुरलं असतं. तोंडात घास होता म्हणू? घास गिळायला कितीसा वेळ लागतो? मी आमटी वाढून घेतली.

मग ते घरात रुळलंच. वैशालीने धीर सोडला — सांगलीला तिच्या बहिणीला फोनवर मीच असं सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की सांगताना माझा आवाजही भरून यायचा, आणि लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मी ठेवू दिले.

दोन वर्षांपूर्वी तिला दुसरा झटका आला आणि ती गेली. दिवस झाल्यावर, पाहुणे पांगले तेव्हा, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ईशा माझ्याजवळ येऊन बसली. अठरा वर्षांची. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, मला ना आईचा खूप राग यायचा. शी जस्ट गेव्ह अप. मला असं वाटायला नको, पण वाटतं. आपल्यासाठी तरी तिने ट्राय करायचं होतं." आणि थांबली. माझ्याकडे पाहत होती. मी तिचं म्हणणं खोडून काढावं म्हणूनच थांबली होती — ते मला तेव्हाही कळत होतं.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "सगळ्यांनाच नाही जमत गं, राजा."

हे मी वैशालीबद्दल म्हणालो. तिच्या मुलीला.

ईशा आता मेलबर्नला शिकते. दर रविवारी फोन करते. आईचा विषय निघाला की आम्ही दोघं तिला मोठ्या मनाने माफ करतो.