भाडेपावतीवरची सही

मार्च आला तसं अप्पांनी पेन काढून ठेवलं होतं. दरवर्षी मी घरभाड्याच्या पावत्या आणतो, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतो आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यावर आडवी, रुबाबदार सही करतात. घर त्यांच्या नावावर, मी त्यांचा भाडेकरू. दर महिन्याला त्यांच्या खात्यात भाडं टाकतो, त्यावर माझा कर वाचतो.

"यंदा सही नको, अप्पा. नवी करप्रणाली घेतली. तिच्यात भाड्याची सूट नाही."

जुनीत निदान घरातल्या माणसांना एकेक रकाना होता. आईचा आरोग्यविमा, मुलीची फी, अप्पांचं भाडं. नवीत फक्त माझा पगार आणि मी. हिशेब सोपा झाला, असं ऑफिसात सगळे कौतुकाने सांगतात. माणसं काढून टाकली की कुठलाही हिशेब सोपाच होतो.

अप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे भाडं बंद?"

"नाही, नाही. पैसे येतील की दर महिन्याला."

"कशाचे?"

या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं पावतीवर छापलेलं असायचं.