पाटावरची कडी

खेडच्या भरणे नाक्यावर रावजी मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि रावजीचं तोंड. पहिल्या दोन गोष्टींकडे कोणी बघत नसे, तिसरीला मात्र सगळा तालुका वचकून होता. लोट्याच्या कंपनीच्या बसवाल्यानं ब्रेकची तक्रार केली की रावजी खड्ड्यातूनच ओरडायचा, "ब्रेक नाय गेला मेल्या, तुझी अक्कल गेलीय!" आणि मग तोच ब्रेक असा करून द्यायचा की बसवाला वर्षभर फिरकत नसे. ट्रकवर क्लीनर म्हणून घरातून निघालेला हा माणूस. शाळा दुसरीपर्यंत. बायको तुळसा, मूलबाळ नाही. देवाबिवाचं फारसं काही नाही, देवळात वर्षातून एकदा, तेही तुळसानं ढकललं तर. एक खंडेनवमी मात्र तो पाळायचा, आणि ती पाळायची म्हणजे पाळायची.

त्या दिवशी सकाळी सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून पाटावर मांडायची. पाने, स्पॅनर, हातोडे, ड्रिल, जॅकसुद्धा. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ज्यांना राबवलं त्यांना एक दिवस विसावा. एकदा एक पोलीस जीप नाक्यावर बंद पडली आणि साहेब खवळला, तरी रावजी म्हणाला, "साहेब, हत्यारं झोपलीत. तुम्हीपण झोपा." असला वस्ताद!

अशा या तिरसट माणसाचा जीव एका पोरावर होता. नझीरवर. नझीरचा बाप रशीद जहाजावर, वर्षातून महिनाभर घरी. पोर लहानपणापासून रावजीच्या खड्ड्याच्या काठावर वाढलं, मोठं झालं, दुबईला एका वर्कशॉपात गेलं आणि पंच्याऐंशी सालच्या सुमारास परत आलं ते डोक्यात वेगाचं खूळ घेऊन. एक जुनी अँबेसिडर घेतली. इंजिन उघडलं, सिलिंडरची बोअर वाढवली, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. गाडी चालू केली की नाक्यावरच्या चहाच्या बश्या थरथरायच्या.

"काका, दसऱ्याला कराडच्या पुढं माळावर शर्यत हाय," नझीर म्हणाला. "आपली गाडी उतरवतो."

"अँबेसिडर? शर्यतीत? म्हशीला घोड्याच्या रांगेत उभी करतोस काय रे?" रावजी म्हणाला. पण रात्री तुळसाला म्हणाला, "पोरगा जिंकणार बघ."

तर आता ती कडी. गाडीचं इंजिन पुढं आणि जोर जातो मागच्या चाकांना. मधे गाडीच्या पोटाखालून एक लांब नळीसारखा दांडा गरगरत असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. दोन्ही टोकांना एकेक सांधा, त्याला गॅरेजात म्हणतात क्रॉस. मागचा क्रॉस तुटला तर दांडा फरफटत येतो, आवाज होतो, गाडी थांबते. पुढचा तुटला तर मात्र मेलात! दांड्याचं पुढचं तोंड रस्त्यात रुततं आणि धावती गाडी त्याच्यावर उचलली जाते, धावता धावता माणसाच्या हातातला बांबू जमिनीत रुतावा तशी. साध्या गाडीला ही भीती कमी. पण इंजिनाचा जोर वाढवला की सगळा ताण त्या क्रॉसवर. म्हणून दुबईत शर्यतीच्या गाड्यांना दांड्याभोवती एक जाड लोखंडी कडी असते, पुढच्या क्रॉसच्या मागे वीतभर अंतरावर, गाडीच्या तळाला बोल्टांनी आवळलेली. क्रॉस तुटला तरी दांडा कडीत अडकून राहतो, खाली पडत नाही.

नझीरनं कागदावर काढून दाखवली. रावजीनं कागद बाजूला सारला, गाडीखाली आडवा झाला आणि दांड्याला हातानं माप घेतलं. जाड पट्टी तापवून, ठोकून, दोन तुकड्यांत कडी घडवली. गरगरणारा दांडा तिला शिवणार नाही आणि तुटला तर तिच्याबाहेर जाणार नाही, असं बेतलेलं अंतर. काम इतकं देखणं झालं की येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती हातात घेऊन दाखवायचा. आता गाडीच्या तळाला चार भोकं पाडायची आणि चार बोल्ट आवळायचे, एवढंच राहिलं होतं.

नझीर अष्टमीला यायचा होता. पण कार्बोरेटरचा एक भाग मुंबईहून एसटीच्या पार्सलानं यायचा होता आणि तो आला संध्याकाळी उशिरा. तो घरच्या दोन पान्यांनी बसवून पोरगा गॅरेजात उगवला नवमीच्या दुपारी. तोवर पूजा झालेली. हत्यारं पाटावर, आणि त्यांच्या मधोमध, कौतुकानं ठेवलेली, कुंकू लावलेली ती कडी.

रावजी उभा राहिला. गाडी संध्याकाळी निघायची होती, सकाळी शर्यत. नाक्यावरचं दुसरं गॅरेजही पूजा करून बंद. चार बोल्टांचं काम, तासाभराचं. "थांब, लावून देतो," रावजी म्हणाला आणि ड्रिलकडे हात नेला. आतून तुळसा बघत होती.

नझीरनं त्याचा हात धरला. "नको काका. पूजेतली हत्यारं उचलायची नाहीत."

"अरे, पण क्रॉस..."

"क्रॉस नवा टाकलाय. आल्यावर लावू. एका शर्यतीनं काय होतंय?" आणि हसून म्हणाला, "तुमी पोलिसाला नाय जुमानलं, माज्यासाठी मोडता काय?"

रावजीनं हात मागं घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरं वाटलं. नेम मोडावा लागला नाही आणि पोराचं मनही दुखावलं नाही, असं वाटलं. "सांभाळून जा रे," म्हणाला, आणि पाटावरचा नारळ त्याच्या हातात द्यायला विसरला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी रावजी नव्या शर्टात सोनं वाटत फिरत होता. कराडहून आलेली एसटी डेपोत लागली आणि बाबल्या ड्रायव्हर खाली उतरून सरळ त्याच्यासमोर आला. रावजीनं आपट्याची पानं पुढं केली. बाबल्यानं ती घेतली नाहीत. "मिस्त्री," तो म्हणाला, "नझीरची गाडी उलटली. सरळ रस्त्यावर. पुढचा क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडला. पोरगा जागच्या जागी गेला."

मातीला रावजी गेला, मूठभर माती टाकली आणि परत आला. सईदानं, नझीरच्या आईनं, त्याला एक शब्द विचारला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यानंतर रावजीचं तोंड बंद झालं. बसवाले त्याच्या शिव्यांची वाट बघायचे. तो नुसता मान हलवायचा आणि काम करायचा.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली आणि रावजीनं सकाळीच गॅरेज उघडलं. हत्यारं धुतली नाहीत. एक ट्रक खड्ड्यावर घेतला आणि पाना चालवायला लागला. तुळसा रडली, पाया पडली. "अहो, निदान एक हातोडा तरी ठेवा!" तो ऐकेना. नाक्यावर लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

दुपारी सईदा आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढून खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. "रावजीभाऊ, वर या."

तो वर आला. हात काळे, तोंड खाली.

"आज पूजा का नाय केली?"

"कोणाची करू, भाभी? या हत्यारांची? त्यांच्यापायी पोर गेलं." मग एकदम त्याचा बांध फुटला. "त्यांच्यापायी नाय. माझ्यापायी! मी हात नेला होता, पण तो नको म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं मला, भाभी!"

"म्हाईत हाय मला," सईदा म्हणाली. "त्या दिवशी जेवायला घरी आला होता. बोलला, अम्मा, काका पूजा मोडायला निघाले होते. मी नको बोललो तर त्यांचा चेहरा कसा उजळला. ते बघून मलापण बरं वाटलं."

रावजीनं तोंडावर हात घेतला.

"माझ्या पोरानं जाता जाता तुमच्या पूजेचा एवढाच एक मान राखला," सईदा म्हणाली. "तो आता तुमीच मोडलात, तर माझा नझीर कशापायी गेला, ते सांगा मला."

रावजीनं हात धुतले. ट्रकखालून एकेक हत्यार काढून पुसलं आणि तुळसानं पुढं केलेल्या पाटावर मांडलं. कुंकवाचं बोट ड्रिलला टेकवलं आणि तिथंच बसून ओक्साबोक्शी रडला. पूजा पुरी होईपर्यंत सईदा जागची हलली नाही.