कुडाबाहेरचे तीन अंक

“तुमच्याकडे कायदा आहे ना? मग वाचा. मोठ्यानं वाचा, मागच्या माडापर्यंत ऐकू गेलं पाहिजे,” हेडमास्तर माझ्यावर ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की भरतीचं पाणी दचकून चार पावलं मागं गेलं. शाळेच्या अंगणात, माडाच्या विणलेल्या झापांच्या कुडाच्या आत, पाच हजार माणूस बसलेला. गावची वस्ती आठशे होती, पण मला त्या वेळी पाच हजारच दिसला. कारण मी त्यांचं नाटक बंद पाडायला आलो होतो.

आधी धंदा सांगतो. मी मुंबईच्या एका नाटकं छापणाऱ्या प्रकाशनाचा फिरता एजंट. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतचा किनारा माझ्याकडे. कुलाबा जिल्हा म्हणायचे तेव्हा. काम दोन: पुस्तकं विकायची, आणि कुठं विनापरवानगी प्रयोग होत असेल तर तो पकडायचा. प्रयोगाआधी लेखकाची लेखी परवानगी घ्यायची, त्याला मानधन पोचवायचं, ही रीत. पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय, की रेवसच्या धक्क्यावरचे कावळेसुद्धा ते म्हणून दाखवत.

महिन्यातले पंचवीस दिवस मी कुठल्यातरी धर्मशाळेत, नाहीतर कोणाच्या पडवीत. बोलायला कोणी नसे. मग बॅगेतलं एखादं नाटक काढून सगळी पात्रं मीच बोलायचो. नायिकेचं काम मी बरं करत असे. आठ वर्षांत अठरा नाटकं तोंडपाठ झाली. प्रयोग मात्र एकाचाही पाहिला नव्हता. मी पोचलो की एकतर मानधन मिळे, नाहीतर पडदा पडे; दोन्ही वेळा मला “बसा” असं कोणी म्हणत नसे.

दिवेआगरच्या अलीकडच्या या शाळेनं आमच्या एका तीन अंकी नाटकाची प्रत नेली होती. एकच. नाटकात पात्रं अकरा. ऑफिसला संशय आला आणि मला पाठवलं.

सकाळी पोचलो तेव्हा हेडमास्तर गोड होते. चहा आला. म्हणाले, “आमच्या बाईंना ताप आहे. प्रॉम्प्टिंगला कोणी नाही. तुम्हाला नाटक ठाऊक असेल, विंगेत पुस्तक धरून उभे राहाल का?”

“मी कंपनीच्या कामाला आलोय,” मी म्हटलं. “शाळेच्या कार्यक्रमाशी माझा संबंध नाही.”

आमच्या धंद्यात कडकपणा छत्रीसारखा. गळकी असली तरी उघडायची.

मग मुलांच्या हातात वह्या दिसल्या. नकला होत्या त्या. नक्कल म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या पात्राची वाक्यं हातानं उतरवून घ्यायची. म्हटलं, सापडले.

“ही कॉपी झाली. मनाई आहे.”

“मराठीच्या तासाला उतरवून घेतलंय,” हेडमास्तर म्हणाले. “शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं उतरवलं, तर नव्या कायद्यात चालतं. प्रश्नपत्रिकेत उतारा घातला तरी चालतं. छापून विकलं असतं, तर खुशाल धरा मला.”

माणूस गणिताचा, पण कायदा पाढ्यासारखा पाठ. पहिला डाव गेला.

प्रयोग दुपारी चारला होता, कारण गावात धड पेट्रोमॅक्स नव्हता. तीनच्या आतच गाव लोटला, तशी माझी कळी खुलली. बॅगेतून ऑफिसनं टाइप करून दिलेला कागद काढला, आणि हेडमास्तर ओरडले ते तेव्हा.

मी वाचलं. कॉपीराइट कायद्याचं बावन्नावं कलम. शाळेतल्या मुलांनी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला परवानगी लागत नाही. पण प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, आणि विद्यार्थ्यांचे आईबाप किंवा पालक असले पाहिजेत. कागद तिथंच संपत होता.

“म्हणजे बाकीच्यांनी उठायचं,” मी सांगितलं. “नाहीतर मानधन भरा.”

शाळेकडं फळ्याला रंग लावायला पैसे नव्हते, मानधन कुठलं. आणि बाकीचे म्हणजे निम्मं अंगण. मुलं-नातवंडं मुंबईला गेलेली म्हातारी माणसं. दुपारी दोनपासून जागा धरून बसलेली.

पुढं बसलेली एक कोळीण म्हणाली, “ए पुस्तकवाल्या, माजी नातरं मुंबैला गेली, त्यात माजा काय गुना? उठू मी?”

मी कागदाकडं बघितलं. कागदाला डोळे नसतात, हे एक बरं असतं.

हेडमास्तर आत गेले आणि शाळेचं जनरल रजिस्टर घेऊन आले. “पालक म्हणजे मुलाला सांभाळतो तो,” ते म्हणाले. “यात बापांची नावं आहेत, पण बाप गिरणीत, नाहीतर बोटीवर. आता एकेक मूल उठून सांगेल, इथं त्याला कोण सांभाळतं. मी लिहून घेतो.”

मुलं उठू लागली. आजी. मामा. शेजारची काकी. एका चिमुरडीनं सतरा पालक सांगितले.

“सतरा?” मी हरकत घेतली.

“आई वारली. बापूस बोटीवर हाय,” ती म्हणाली. “सकालची भाकरी हिच्याकडं, रातची तिच्याकडं. माजी येनी ती घालते. आन् ती कोलीन मना मासली देते.”

मी हरकत मागं घेतली. कोळणीनं पदर सावरून बैठक पक्की केली.

तासाभरात सगळं अंगण पालक झालं. हेडमास्तरांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडं पाहिलं. “आता तुम्हीच राहिलात. तुमचं कोण आहे इथं?”

मी उगाचच मुलांकडं एकदा नजर फिरवली. कोणी उठलं नाही. का उठावं? बॅग उचलली आणि कुडाबाहेर गेलो. कायदा मीच वाचला होता.

परतीची एसटी सकाळी. झापांना पाठ लावून वाळूत बसलो. आत पडदा वर गेला. मी ओठ हलवत होतो, मुलांच्या दोन वाक्यं पुढं. खोटं कशाला बोलू, एखादं पात्र अडावं म्हणून वाट बघत होतो. अडलं असतं तर मी कुडाबाहेरून असं वाक्य टाकलं असतं, की जंजिऱ्यापर्यंत गेलं असतं. तीन अंक झाले. एकही मूल अडलं नाही. माणसं हसली, मग बराच वेळ कोणी हसलं नाही, मग टाळ्या. कोण कुठं रडलं, ते झापांतून दिसलं नाही.

अंगण रिकामं झाल्यावर हेडमास्तर कायद्याची छापील प्रत घेऊन बाहेर आले. कलम माझ्या कागदापेक्षा एक ओळ लांब होतं. पालकांच्या पुढं लिहिलं होतं: संस्थेच्या कार्याशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या व्यक्ती. आमच्या टायपिस्टनं पान संपलं म्हणून कलम संपवलं होतं. रिपोर्टात मी वसुली शून्य लिहिली. त्या दिवसापासून कुठलंही कलम मी पूर्णविराम दिसेपर्यंत वाचतो.

पण तेव्हा मी एवढंच म्हणालो, “पुस्तक धरून विंगेत उभा राहिलो असतो, तर कायद्यानंच मी आत चाललो असतो. मग बोलावलं का नाहीत?”

हेडमास्तर म्हणाले, “सकाळी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, संबंध नाही.”