दुपारी वाढणारं चुंबकत्व

एम.एस्सी. होऊन मी सोलापूरच्या एका कॉलेजात संशोधनाला लागले, तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी आमच्या खोलीच्या दारावर नुकतीच पाटी लावून घेतली होती : ‘निम्न तापमान प्रयोगशाळा’. सत्तरच्या दशकातला एक एप्रिल होता. खोलीवर पत्रा होता आणि आत सर्वांत थंड काय असेल तर कोपऱ्यातला माठ. सर वर्षभर परदेशात राहून आले होते. प्रचंड थंडीत काही धातूंतून वीज जराही न अडता वाहते, ती अतिसंवाहकता त्यांनी तिथे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पाहिली होती. त्यासाठी लागणारं द्रवरूप हेलियम सोलापूरला कोण पाठवणार? सर म्हणाले, “हेलियम येईपर्यंत चुंबकत्व मोजू. दोन्ही एकाच घरातले विषय.”

मोजायची रीत सोपी होती. भट्टीत भाजलेली काळी पूड काचेच्या नळीत भरायची, नळी तराजूला टांगायची आणि तिचं टोक विद्युतचुंबकाच्या दोन तोंडांमध्ये सोडायचं. वीज सुरू केली की चुंबक पूड ओढतो आणि तिचं वजन वाढल्यासारखं दिसतं. जितकं वाढेल तितकं पुडीचं चुंबकत्व. चुंबकाला वीज किती मिळते हे दाखवणारा अ‍ॅमीटर दुरुस्तीला पुण्याला गेला होता. “बटण हलवू नका म्हणजे झालं,” सर म्हणाले. “बटण जागेवर तर वीजही जागेवर.” मी बटणाशी खडूने खूण केली आणि कामाला लागले.

तीन आठवड्यांत एक गंमत दिसली. उष्णतेने चुंबकत्व घटतं, असं आम्ही वर्गात शिकवत होतो. आमच्या पुडीचं मात्र रोज दुपारी साडेबाराला वाढायचं आणि दीडला उतरायचं. सरांनी आलेख उभा धरला, आडवा धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले. पुडीची अवस्था एका विशिष्ट तापमानाला पालटते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. दीडनंतर ऊन आणखी तापतं, मग चुंबकत्व का उतरतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तेच तर नवीन आहे.” निबंध टाइप होऊन परदेशी नियतकालिकाकडे रवाना झाला. गावात जाहीर व्याख्यान ठरलं. सरांनी नव्या पेठेतून कोटाचं कापड आणलं.

शुक्रवारी मला दिवसभर वर्ग असत, म्हणून त्या दिवशी मापं घेत नसे. मग एका शुक्रवारी वर्ग नव्हते, तेव्हा मी सकाळी आठलाच गेले. हवा बरी होती, तरी पूड दुपारसारखी ओढली जात होती. दिवसभर तशीच. डोक्यावरचा पंखाही नेहमीपेक्षा जोरात फिरत होता. आणि मग जाणवलं, भिंतीपलीकडच्या यंत्रमागांची खडखड आज नाही.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडे गेले. मागांचे मालक तेलुगू घरातले, बोलायचे अस्सल सोलापुरी.

“काल बंद होतं का?”

“शुक्रवारी सुट्टी हाय की आमची. का वो बाई?”

“आणि रोज साडेबाराला?”

“जेवायला सोडतो. दीडला परत चालू. तेवढा तासभर बल्ब बघा कसा लख्ख पेटतो. माग चालू झाले की वीज पार मरते.”

आमच्या विभागाला इतके आठवडे जे कळलं नाही, ते त्यांनी बल्बाकडे बघून सांगितलं. मी सरांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “व्याख्यान मंगळवारी आहे,” ते म्हणाले. “तुमचं निरीक्षण बुधवारी बघू.”

मंगळवारी नवा कोट घालून सर तासभर बोलले. आलेखाचा तक्ता मी धरून उभी होते. टाळ्या पडल्या. शंका विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेत मालक उठले.

“साहेब, ह्ये शुक्रवारी बी दुपारीच वाढतं का?”

“निसर्गाला वार नसतो,” सर म्हणाले आणि लोक हसले. मालक खाली बसले. मी तक्ता थोडा वर धरला, म्हणजे तोंड झाकलं जाईल.

दोन महिन्यांनी निबंध परत आला. सोबत एकच प्रश्न होता : चुंबकाचा विद्युतप्रवाह किती होता? सरांनी उत्तर लिहिलं की, साहाय्यक संशोधिकेने नोंद ठेवण्यात हयगय केली. ते पत्र त्यांनी मलाच टाइप करायला दिलं. मी केलं. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या.

पुण्याहून अ‍ॅमीटर आल्यावर मी सगळी मापं पहिल्यापासून घेतली. दुपारचा चमत्कार गेला आणि उरली एक सरळ, कंटाळवाणी रेघ. तिच्यावर मला पीएच.डी. मिळाली. सर पुढे प्राचार्य झाले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मालकांचा उल्लेख केला होता. सरांनी त्यावर लाल रेघ मारली : “प्रबंधात मागवाले शोभत नाहीत.” मी ते पान बदललं, आणि सरांच्या आभाराचा परिच्छेद दोन ओळींनी वाढवला.