वरच्या मजल्यावरचे चार ठोके

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला फारशी पात्रता लागत नाही. माणूस निवृत्त हवा आणि मीटिंगला वेळेवर येणारा हवा. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून मी निवृत्त झालो आणि पुढच्याच मीटिंगला पाच मिनिटं आधी जाऊन बसलो. तेव्हापासून डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीची तक्रारींची फाइल माझ्याकडे आहे. त्या फाइलीतली निम्मी अक्षरं विमलाबाई शिरधनकरांची.

विमलाबाई माझ्या डोक्यावर राहतात. म्हणजे मी पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्यावर. वय सहासष्ट. पस्तीस वर्षं ब्लाउज शिवले, तेही पायाने चालवायच्या मशीनवर. मुलगी दर्शना लग्न होऊन ठाण्याला टेंभी नाक्यावर गेली, तिने मोटरची मशीन आणून दिली, तर बाईंनी मशीनवर टीव्ही ठेवला. म्हणाल्या, "ती आपली आपली पळते. मला काय काम मग?" कान इतका तिखट की गिऱ्हाईक बाई जिना चढत असतानाच नुसत्या पावलांवरून सांगायच्या, "जाड झालीये गं गोदा. टाके उसवावे लागणार." आणि गोदाबाईंना ते दाराबाहेरच ऐकू जायचं.

दोन वर्षांपूर्वी विमलाबाई न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, शिलाई सुरू झाली. फक्त त्या खाली उतरेनात. भाजीवाला वर, गिऱ्हाईक वर, डॉक्टरसुद्धा एकदा वर. विचारलं की म्हणायच्या, "खाली काय ठेवलंय? ज्याला गरज आहे तो येतो." आम्हाला ते पटायचं, कारण असं बोलणं त्यांना शोभायचं. घाबरल्या असतील असं कुणाच्या मनात आलं नाही. विमलाबाईंना घाबरणारे आम्ही. त्या कुणाला घाबरणार?

जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर जोविटा डाबरे नावाची भाडेकरू आली. मूळची वसईची, पंचेचाळिशीची, ठाण्यात नाच शिकवणारी. संध्याकाळचे क्लास, त्यामुळे दुपारी घरी. तीन आठवड्यांनी माझ्या दाराखालून चिठ्ठी सरकली.

"दुपारी दोन ते तीन या वेळेत तिसऱ्या मजल्यावर घोडा बांधण्यात येतो काय, याची चौकशी व्हावी. वि. शिरधनकर."

चौकशीला मी निघालो तर विमलाबाई दारातच तयार उभ्या. मला धरून वर आल्या. चढायला त्यांना काही वाटत नसे.

जोविटाने दार उघडलं. खोलीत सामान फारसं नव्हतं, मधोमध प्लायवुडचा मोठा तुकडा अंथरला होता. तिने पायातला काळा बूट काढून आम्हाला उलटा करून दाखवला. तळाला पुढे एक आणि टाचेखाली एक, अशा दोन धातूच्या पट्ट्या.

"टॅप डान्स म्हणतात याला, काकी," ती म्हणाली. "नाच कमी, वाजवणं जास्त. पाय हेच वाद्य. तुम्हाला त्रास झाला, सॉरी."

"त्रासाचं नंतर बघू," विमलाबाई म्हणाल्या. "वाद्य आहे ना? मग नीट वाजवा. चार ठोके असतात. टक-टक, टक-टाक. त्यातला तिसरा तुम्ही गिळता. एकवीस दिवस ऐकतेय. रोज गिळता."

मी कपाळाला हात लावला. जोविटा मात्र हसली नाही. ती प्लायवुडवर गेली आणि सावकाश करून दाखवू लागली. आधी उजवा पाय पुढे घासला, एक ठोका. तसाच मागे ओढला, दुसरा. "याला शफल म्हणतात." मग उजव्याच्या चवड्यावर क्षणभर अंगाचा भार दिला, तिसरा. लगेच भार डाव्यावर, चौथा. "हा बॉल चेंज." तिसरा खरंच मेला होता. मलासुद्धा कळलं, कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीनशेजारी कान बधिर करून घेतलेल्याला.

"उजवा घोटा मुरगळला होता गेल्या वर्षी," जोविटा हळूच म्हणाली. "बरा झालाय. मला वाटत होतं मी भार देते त्याच्यावर."

"देत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "मशीनचा टाका सुटला तर मला शेजारच्या खोलीत कळतं. पाय सुटलेला कळणार नाही?"

एवढं झाल्यावर बाईंना राहवेना. पदर खोचून, चप्पल घालूनच प्लायवुडवर उभ्या राहिल्या. शफल पहिल्या दणक्यात जमलं. जोविटा चकित. पस्तीस वर्षं पॅडल मारून घोटे असे सैल झालेले, की तिच्या क्लासमधल्या वीस वर्षांच्या मुलींचेही नसतील. विमलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजवर त्यांना अडवलं होतं.

मग बॉल चेंज. मशीनवर दोन्ही पाय चालतात, पण भार सगळा स्टुलावर. इथे तो एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा होता. विमलाबाईंनी उजवा चवडा टेकला, भार द्यायला गेल्या, आणि अंग दगडासारखं झालं. चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं. तो माझ्या शर्टाचा खिसा होता.

"तुमची फळी वाकडी आहे," त्या जोविटाला म्हणाल्या. खाली येताना दोन्ही हातांनी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरल्या. तेव्हा मला सगळं समजलं, आणि दोन वर्षं न समजल्याची लाजही वाटली. दारात म्हणाल्या, "आपल्याला शोभत नाही असलं काही. शर्ट पाठवून द्या, खिसा लावून देते."

त्यानंतर आठवड्याभराने माझ्या छतावर आवाज सुरू झाला. बारीक, दबका.

"उंदीर झालेत वाटतं वर," माझी बायको संचिता म्हणाली.

"उंदीर चार मोजून धावत नाहीत," मी म्हणालो.

इकडे जोविटाने शेजारधर्म म्हणून प्लायवुडखाली जाड रबराची चटई घातली. आता खाली काही ऐकू जाणार नाही, असं मला मुद्दाम येऊन सांगून गेली. चौथ्या दिवशी चिठ्ठी.

"तिसऱ्या मजल्यावरून येणारा आवाज सोमवारपासून अस्पष्ट झाला आहे. तरी तो पूर्ववत करण्याबाबत संबंधितांस सूचना द्यावी."

सेक्रेटरीपदाच्या माझ्या कारकिर्दीत आवाज वाढवा अशी तक्रार ही एकच. मी ती जोविटाला नेऊन दिली. तिने दोनदा वाचली, हसून डोळे पुसले आणि तशीच खाली जाऊन बेल वाजवली.

"काकी, चटई काढणार नाही. तुम्ही वर या, स्पष्ट ऐकू येईल."

"मला कामं असतात."

"मलाही असतात. माझा तिसरा ठोका कोण ऐकणार? मला स्वतःला ऐकू येत नाही तो."

विमलाबाईंना काम सांगितलं की त्या नाही म्हणत नाहीत. हे जोविटाला इतक्या लवकर कसं कळलं, देव जाणे.

पहिले पंधरा दिवस खुर्चीची पाठ धरूनच. मी सुरुवातीला सोबत जायचो, पडल्या तर धरायला, आणि खरं सांगायचं तर गंमत बघायला. जोविटा सांगायची, गुडघा ताठ नको, जरा सैल. पाय उंच उचलू नका, जमिनीजवळच ठेवा. खाली बघू नका, समोर बघा.

"समोर सेक्रेटरी बसलेत," विमलाबाई म्हणायच्या.

"मग त्यांच्या वरून बघा."

नुसतं टाच उचलून टेकवणं, मग चवडा उचलून टेकवणं. एका पायावर दहापर्यंत मोजणं. मग भार इकडून तिकडे, सावकाश, पाण्याची घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यावी तसा. जोविटाने समजावलं, यात पोटऱ्या भरतात, तोल सुधारतो, पायावर भार पडला की हाडांनाही चांगलं, आणि क्रम लक्षात ठेवायचा म्हणून डोक्यालाही काम. "डोक्याला नको," विमलाबाई म्हणाल्या, "ते चांगलं चाललंय."

दर्शनाला हे फोनवर कळलं तेव्हा ती ओरडली. "आई, या वयात? पडलीस म्हणजे?"

"अगं, बसून बसूनच पडायला झालंय मला," विमलाबाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी दर्शना तणतणत आली, वर जाऊन तासभर बघत बसली आणि जाताना आईच्या पायाचं माप घेऊन गेली. तिने बंद बूट आणले, जोविटाने ठाण्याहून पट्ट्या ठोकून आणल्या. ते बूट घालून विमलाबाई जेव्हा पहिल्यांदा वाजल्या, तेव्हा इतक्या खूश झाल्या की जोविटालाच चहा घेणार का विचारून बसल्या, आणि घर जोविटाचं होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर गेटपाशी विमलाबाई. हातात पिशवी, पिशवीत भेंडी. एकट्या.

"तुम्हाला खाली कोणी आणलं?" मी विचारलं.

"कोणी कशाला आणायला पाहिजे? चौतीस पायऱ्या आहेत तुमच्या जिन्याला. त्यातली तेरावी उंच आहे. फाइलीत लिहून ठेवा."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. मी मागून चढत राहिलो, आणि त्या पुढे, एका पायरीवर एक पाय.  घरी येऊन मी फाइलीत तेरावी पायरी लिहून ठेवली.

प्रजासत्ताक दिनाला सोसायटीत झेंडावंदनानंतर लहान कार्यक्रम असतो. पोरांची भाषणं, मग बटाटेवडा. यंदा जोविटाने नाव दिलं, दोघींचं. मला वाटलं, लोक हसतील. कमिटीत एकाने विचारलंच, "शिरधनकर काकी? नाच?" मी म्हटलं, वाजवणं जास्त, नाच कमी.

पार्किंगमध्ये प्लायवुड टाकलं. विमलाबाईंनी निळी साडी घोट्यापर्यंत उचलून पिना लावल्या होत्या. टक-टक, टक-टाक. दोघी एका ठोक्यात. जोविटाचा तिसरा आता खणखणीत पडत होता. लोक हसायचे थांबले, पोरं पुढे सरकली. आणि मध्येच, पाय फिरवण्याच्या जागी विमलाबाईंचा एक ठोका हुकला. बाकी कुणाला कळलं नसतं. त्या थांबल्या, हात वर केला.

"थांबा. चुकलं. उसवून परत करते."

जोविटा थांबली. गाणं नव्हतंच, वाजत होते ते पायच, त्यामुळे सगळंच थांबलं. विमलाबाईंनी चार पावलं मागून सुरुवात केली, ती जागा पुन्हा आली, बरोबर गेली, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पुढे निघाल्या. टाळ्या एवढ्या झाल्या की चौथ्या मजल्यावरचे, जे कधीच खाली येत नाहीत, तेही गॅलरीत आले.

आता दुपारी तिसऱ्या मजल्यावर पाच जणी असतात. त्यात संचिताही आहे, आणि तिचा सराव आमच्याच घरात चालतो. मी झोपतो कधी, हे कुणी विचारत नाही.

मे महिन्यात विमलाबाई एकट्या एसटीने चिपळूणजवळच्या गावी गेल्या, भावाकडे. एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते हे चढणाऱ्यालाच माहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"सेक्रेटरी, जोविटा फोन उचलत नाहीये. तिला सांगा, भावाने पडवीला टाइल्स घातल्यात. त्यावरून मी पाच वर्षं त्याला नावं ठेवली, पण आवाज झकास येतोय. वहिनी शफलपर्यंत आलीये. पुढच्या आठवड्यात येते म्हणाले होते ना मी? अजून चार दिवस लागतील. तिचा तोल अगदीच कच्चा आहे."